बेटावरची पाचवी

आज बाळाची पाचवी हाय. आमच्या घरामागनं उचगावची वाट जाती, तिकडं गुऱ्हाळं पेटल्यात, आणि खिडकीतनं काकवीचा वास असा आत येतोय की बाजंवर पडून ऱ्हावत न्हाय. डोक्याला फडकं, कानाला फडकं, बाजंखाली शेगडी. हलायचं न्हाय, वारं घ्यायचं न्हाय. सकाळी आत्ती, म्हंजे माझी सासू, आली आणि म्हणली, "कोरा कागद हाय का गं घरात? सटवीला लिवायला पायजे की." मी सिंधूच्या वहीतलं मधलं पान फाडून दिलं. सिंधू माझी थोरली, पहिलीत जाती. वहीतलं एक पान फाडलं की जोडीचं बी सुटतं, तसं एक माझ्या हातात ऱ्हायलं. म्हणलं, सटवी तिच्या पानावर लिवंल, मी माझ्यावर लिवतो. आता एकाची सहा पानं झाल्यात. सिंधू शाळंतनं आली की बोंबलणार.

मी चौथीतनं निघालो. जोडाक्षरं आली की माझा हात थांबतो. पण सुगी आली की माझं असंच हुतंय बघा, वास गुळाचा येतो आणि डोळ्याम्होरं समुद्र येतो. लोकांना सांगून पटत न्हाय. कोल्हापूर कुठं आणि समुद्र कुठं!

सहा सालं झाली. नवं लगीन, पोटात पाच म्हैन्यांचं, आणि ह्ये एक दिस कामावनं आलं आणि म्हणलं, "बांध गठुळं, बेटावर जायचंय." ह्ये इंजनाचं मिस्त्री. मला वाटलं नदीकडंच्या बेटात कायतरी काम निघालं. आमच्याकडं बेट म्हंजे कळकाचं, बांबूचं. मी म्हणलो, "मी न्हाय बाई येणार. तितं फुरशी असत्यात."

ह्ये हसून हसून खाली बसलं. "आगं, कळकाचं न्हवं. समुद्रातलं बेट. अंदमान. लाकूड कापायची गिरणी हाय तितं, तिच्या इंजनाला माणूस पायजे."

आत्ती चुलीम्होरनं वरडली, "काळं पाणी? आरं, तितं खून केल्यालं जात्यात! तू काय केलंयस?"

दुसऱ्या दिशी पाणवठ्यावर बाया तिला इचाराय लागल्या, "वो, तुमच्या ल्योकानं कुणाला मारलं?" आत्ती चार दिस पाण्याला गेली न्हाय. पण तिचं खरं भ्या निराळंच हुतं. निघायच्या दिशी मला परड्यात नेली, हात धरला आणि म्हणली, "पोरी, बाळंतपण तितं झालं तर सटवी कशी येणार? समुद्र वलांडून येईल व्हय ती? आणि पाचव्याला तिनं कपाळावर लिवलं न्हाय, तर पोर कोऱ्या कपाळाचं ऱ्हाईल. तसल्याला ना सुख ना दुख, ना घर ना दार."

ते बोलणं माझ्या पोटात जाऊन बसलं. बाळाच्या शेजारीच बसलं.

मिरजंतनं मद्रास, मद्रासपासनं बोट. मी रंकाळा बघितल्याला, पावसाळ्यातली पंचगंगा बघितल्याली, मला वाटायचं पाणी मला ठावं हाय. पण ह्या पाण्याला काठच न्हवता. मी आदी काठ हुडकला, मग रडलो, मग ओकलो, आणि दोन दिस तेवढंच केलं. तिसऱ्या दिशी ह्यांनी मला धरून वर नेलं. पाणी असं निळं, की इरकल लुगडं धुऊन त्याचा रंग सुटावा तसं. आणि एकदम पाण्यातनं चिमण्यांचा थवा उडाला. मी म्हणलो, "ह्या चिमण्या हितं बसत्यात कुठं वो?" ह्ये म्हणलं, "बसत न्हाईत, बुडत्यात. मासं हायत ते." मी भ्यायचं इसरून बघत बसलो. परत उडालं. परत बघितलं. त्या दिशी ओकलो न्हाय.

बेटावर उतरलो तवा आपल्याकडं सुगीचे दिस हुते. तितं थंडीच न्हाय! पाऊस नुसता थांबल्याला, झाडं एवढी उंच की वर बघताना डोईचा पदर खाली पडतोय, आणि नारळ कसं, आपल्याकडं बाभळी तसं, कुणाचं बी न्हाईत. पैल्या दिशी पायाखाली एक शंख आला. आपल्या देवळात देवाजवळ असतो, तसला. मी पटकन उचलून कपाळाला लावला. म्होरं बघतोय तर वाळूत शंखच शंख. किती म्हणून कपाळाला लावायचं? धा-बारा लावलं आणि दमलो.

आणि हत्ती! कोल्हापूरच्या माणसाला हत्ती म्हंजे दसऱ्याचा. झूल, अंबारी, कपाळावर नक्षी, म्होरं वाजंत्री. हितं हत्ती बैलागत वंडकं वडत हुता. सोंडंनं लाकूड ढकलायचा, थांबायचा, पाठीवर पाणी उडवायचा, परत ढकलायचा. मला त्येची दयाच आली. पण चार दिसांनी बघितलं, सांजचं काम सुटल्यावर त्यो खाडीत असा लोळत हुता, असा लोळत हुता, की आमच्या अंबारीतल्या हत्तीनं बघितलं असतं तर झूल फेकून आला असता.

आमची वस्ती म्हंजे लाकडाच्या खोल्यांची वळ. शेजारी मालतीदी. फाळणीत घरदार सोडून आल्याली बंगालची बाई, नवरा गिरणीतच. माझ्याहून धा वर्सांनी मोठी, कपाळाएवढं कुकू, आणि हसणं असं की तीन खोल्यांपल्याड ऐकू जायचं. पैल्या दिशी ती म्हणली, "आओ, भात खाओ." मला चार शब्द हिंदी यायचं, मी म्हणलो, "मैं आता है."

ती बघतच ऱ्हायली. "तुम मर्द है क्या?"

आता काय सांगायचं? आमच्या कोल्हापुरात बाया 'मी आलो, मी गेलतो' असंच बोलत्यात. मी सांगितलं, "हमारे कोल्हापूर में सब बाया ऐसाच बोलता है." तिनं सगळ्या वळीला वरडून सांगितलं. त्या दिसापासनं माझं नाव गेलं आणि कोल्हापूरच नाव पडलं. "ओ कोल्हापुर! पानी आया!" "ओ कोल्हापुर! तुम्हारा मर्द आया, दूसरा मर्द!"

दाई हुती फातमाबू. तिचा आजा सजा हून तितं आल्याला, मग सुटला आणि तितंच ऱ्हायला. म्हातारी पोटावर हात ठेवायची आणि डोळं मिटायची, जसं काय आतलं बाळ तिला कानात सांगतंय. मी तिला सटवीचं इचारलं. ती म्हणली, "अरी, जो पैदा करता है, वो लिखना भूलेगा क्या?" मला ते पटलं बी आणि न्हाय बी. देव इसरत न्हाय. पण पत्ताच ठावं नसंल तर?

ह्ये भ्या दिवसभर माझ्याबरं असायचं, पण त्या बेटावर भ्यायला बसावं म्हणलं तर कायतरी बघायला यायचं. रांचीकडनं आल्याल्या कामकरी बाया सुट्टीच्या दिशी वळ करून नाचायच्या, एकमेकींच्या कमरंत हात, पाय कसं सगळ्यांचं एकच, आणि बापये ढोल वाजवायचे. आमच्या झिम्म्यात आमी तोंड आत करून फिरतो, ह्या एका वळीनं म्होरं-मागं, जशी काय लाट. मी पोट धरून दगडावर बसायचो आणि पाय नुसता हलवायचो. एक बाई मला म्हणली, "पेट वाला भी नाचता है, देख." खरंच, बाळ आतनं लाथा मारत हुतं, ढोलाच्या तालावर!

मालतीदी तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं बोटानं नक्षी काढायची, फिरत फिरत जाणारी वेल, हात न उचलता. मी ठिपक्यांची रांगोळी काढायचो. आमच्या दोघींची पायरी एकच. अर्ध्यात तिची वेल, अर्ध्यात माझं ठिपकं. एक दिस तिची वेल माझ्या ठिपक्यांत घुसली, मी म्हणलो, "ओ दीदी, आपकी भैस हमारे शेत में आयी." तिनं माझ्या ठिपक्यांना धरून वेल म्होरं नेली. मग तसंच पडलं, पायरी दोघींची एकच झाली. मी तिला कांदा-लसणाची चटणी घातल्यालं कालवण शिकवलं. तिनं घास घेतला, डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, आणि म्हणली, "और दो."

आता एक गंमत सांगतो, माझी फजिती. मालतीदी एक दिस म्हणली, "कोल्हापुर, शाम को जात्रा है, चलो."

जत्रा! मला जोतिबा दिसला, गुलाल दिसला. मी हिरवं नऊवारी नेसलो, नथ घातली, ताटात नारळ, हळदकुकू, खडीसाखर घेतली. पोट एवढं, चालताना ताट त्येच्यावर टेकत हुतं. तितं गेलो तर लोक चारी बाजूंनी चटया टाकून बसल्यालं, मधी दोन बत्त्या, पेटी, ढोलकं. देऊळ न्हाय, पालखी न्हाय, पाळणं न्हाईत. मी म्हणलो, "दीदी, देव किधर है?" ती म्हणली, "बैठो, आता है."

आणि आली की देवी! लाल साडी, मुकुट, हात वर केल्याला, डोळं मोठं. मी उठलो. मालतीदीनं पदर वडला, पण मी कशाला थांबतोय? सरळ मधी गेलो, देवीच्या पायावर नारळ ठेवला, कपाळाला कुकू लावलं. पेटी थांबली. सगळे बघाय लागले. देवीनं नारळ उचलला आणि बापयाच्या जाड आवाजात म्हणली, "माँ, क्या मांगती हो?"

आवाज ऐकून मी मुकुटाखाली नीट बघितलं. मला कळलं, ही देवी न्हवं, ह्यो नाटकातला माणूस. त्येंच्याकडं नाटकालाच जात्रा म्हणत्यात! लोक हसाय लागलं. पण तवर तोंडातनं गेलंच, "सटवी को इधर भेजो. मेरे बच्चे का लिखने को."

मालतीदीनं बसल्या जागंवरनं बंगालीत सांगितलं, मी काय म्हणलो ते. आणि काय झालं की, हसणं थांबलं. ती सगळी घरं सोडून आल्याली माणसं. पुढच्या वळीतली एक म्हातारी डोळं पुसाय लागली. देवी झाल्याल्या माणसानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, "भेजेंगे, माँ. जरूर भेजेंगे."

त्यो गिरणीतला सुतार निघाला, निताई नावाचा. मिशा नसल्यामुळं देवी व्हायचा. दुसऱ्या दिसापासनं मी वाटंत दिसलो की रंधा मारता मारता वरडायचा, "माँ, चिट्ठी भेज दिया!" मी लाजून पदर वडायचो. ह्ये म्हणायचं, "तुझ्या देवीनं आज करवत मोडली."

मधल्या बोटीनं आत्तीचं पत्र आलं, कुणाकडनं तरी लिवून घेतल्यालं. 'म्होरल्या बोटीनं पाचवीचं सामान पाठवतो. सटवीचा टाक घालतो. त्येच्याबिगर पूजा करू नको.' टाक म्हंजे चांदीच्या पत्र्यावरची देवीची मूर्त, आमच्या देव्हाऱ्यातली, चार पिढ्यांची. आत्तीनं ती समुद्रावर पाठवली! देवाला समुद्र वलांडायचा न्हाय म्हणणाऱ्या बाईनं.

पोरगी झाली. पहाटंची, भरतीच्या येळंला. फातमाबूनं तिला उलटी धरली, ती असली वरडली की मालतीदी म्हणली, "ये तो पक्का कोल्हापुर है." मी सगळ्यात आदी तिचं कपाळ बघितलं. एवढंसं, गुळगुळीत. कोरं.

बोट यायची नेमकी पाचव्या दिशी. ह्ये सकाळपासनं धक्क्यावर. मी कान लावून. दुपार झाली, भोंगा न्हाय. ऊन कललं, भोंगा न्हाय. ह्ये आलं आणि दारातच उभं ऱ्हायलं. "वारं उलटं हाय म्हणत्यात. उद्या येईल."

"उद्या सहावा दिस!" मी पोरीला उराशी धरून असा रडलो, असा रडलो, की सगळी वळ दारात जमली. ह्यांना काय करावं कळंना, ह्ये माझ्या पायाशी बसून पोरीचा पाय धरून बसलं. फातमाबूनं सगळ्यांना बाहीर काढलं. मग मालतीदी आत आली, तिला सगळं सांगितलं. ती बोटं मोजाय लागली.

"पाँचवाँ? हमारा तो छठा दिन होता है रे! सेटेरा. कल रात को विधाता आता है लिखने."

"काय म्हणलीस? सटवी?"

"सेटेरा."

"सटवीच की गं ती!"

आमी दोघी एकमेकींचं हात धरून बसलो. तिची आज्जी आणि माझी आज्जी कवा भेटल्या असतील का? एकीनं पाच मोजलं, एकीनं सहा.

सहाव्या दिशी सकाळपासनं मालतीदी कामाला लागली. पायरी सारवली, वेल काढली, आणि मग पायरीपासनं भाईर पिठाच्या पाण्यानं बारकी बारकी पावलं काढत गेली, वळीच्या टोकापातूर, धक्क्याच्या वाटंला लागंपातूर. कंबर धरून परत आली आणि म्हणली, "अब घर नहीं चुकेगी." निताई सुतार आला, दऊत आणि ताज्या कापल्याल्या बोरूची लेखणी घेऊन. दारातनंच म्हणला, "माँ, बोला था ना!" रांचीच्या बायांनी फुलं आणली. फातमाबूनं पोरीला न्हाऊ घातलं. आणि मी ठिपक्यांची रांगोळी काढायला म्हणून वाकलो, तवा भोंगा वाजला.

तसला आवाज मी परत ऐकला न्हाय. लांब, जाड, आपल्या म्हशी सांजचं घरला येताना हंबरत्यात तसा. ह्ये अनवाणी पळालं. तासाभरानं आलं ते गठुळं डोक्यावर घेऊन. आत हळद, भंडारा, खोबऱ्याच्या वाट्या, गुळाची अख्खी ढेप, आणि गुळात खुपसून ठेवल्याला टाक. गूळ पाझरल्याला, देवी सगळी चिकट झाल्याली. मी तिला धुतली आणि हसूच यायला लागलं. आत्तीनं गोड लावूनच पाठवली की हिला! म्हणलं, बाई, तू बोटीतनं आलीस, ओकत आली असशील माझ्यागत, एक दिस उशीर झाला तर झाला.

मालतीदीचा पाट, निताईचा बोरू, फातमाबूचा दिवा, आमचा टाक, आमचं गूळ-खोबरं. आणि ह्यांच्या गिरणीच्या हिशेबाच्या वहीतला कोरा कागद. पूजा झाल्यावर सगळ्या वळीला गूळ वाटला. निताईनं खडा तोंडात टाकला, डोळं मिटलं. "माँ, ये कौन सा देश का मीठा है?" मी म्हणलो, "मेरा."

सकाळी बघितलं तर कागदावर शाईचा एक ठिपका पडल्याला. वाऱ्यानं लेखणी घरंगळली असंल, ह्ये म्हणलं. मी कागद घडी करून ट्रंकंत ठेवला, अजून हाय.

दोन सालांनी परत आलो. आत्तीनं सिंधूला उचलली, उंबऱ्यातच उजेडाकडं तोंड केलं, कपाळावर अंगठा फिरवला. "पाचव्याला पूजली न्हवं?" मी खोटं बोलायला पायजे हुतं. म्हणलो, "सहाव्याला. बोट उशिरा आली." तिनं पोरगी खाली ठेवली. तवापासनं सिंधूला ताप आला, सिंधू पडली, सिंधूनं घागर फोडली, की आत्तीचं एकच: "पाचवी चुकल्याली पोर हाय, असंच व्हायचं." ती रागानं न्हाय म्हणत. भिऊन म्हणती. मी बी भितो. त्या बेटावरचं मी सगळं हसत सांगतो, पण पोरीला साधा खोकला झाला की रात-दिस तिचं कपाळ बघत बसतो.

हितवर लिवलं आणि सिंधू आली शाळंतनं. वही बघून बोंबलली, मग इसरली, कारण तिला सांगायचंच लई हुतं.

"आई, मास्तरांनी भिंतीला नकाशा लावला! मी म्हणलो, माझा जन्म अंदमानातला, तर त्येनी मला म्होरं बलावलं आणि काठी लावून दावलं. एवढा मोठा समुद्र, आणि माझं गाव म्हंजे नुसतं शाई सांडल्यागत!"

माझा हातच थांबला. "कशागत?"

"शाई सांडल्यागत. ठिपका."

मी म्हणलो, "ट्रंक उघड. खाली लाल फडकं हाय, त्यात कागद हाय, आण." तिनं आणला. घडी पिवळी पडल्याली. उघडून आत्तीच्या म्होरं धरला. आत्ती पाट्याला हळद लावत हुती. तिला वाचायला येत न्हाय, कागद धरताना ती नेहमी लांब धरती, जसं काय त्यो चावंल.

"काय हाय ह्ये?"

"सहाव्या दिवसाचा कागद. तुमच्या टाकाम्होरं ठेवल्याला."

सिंधू वाकून बोट लावून म्हणली, "आज्जी, ह्येच की! नकाशात अस्संच हाय! ह्यो समुद्र, आणि ह्ये मी."

आत्तीनं कागद उलटा करून बघितला, सुलटा केला. मग त्येच्यावर हळदीचं बोट टेकवलं, हळूच, ठिपक्याच्या शेजारी.

"म्हंजे लिवलंवतं तर," ती म्हणली. "एवढी सालं माझ्या जिवाला घोर. आणि तुला आदी दावायला काय झालं गं? ट्रंकंत ठेवून पूजा करत हुतीस?"

मला हसू बी आलं, रडू बी आलं. बाळंतिणीनं रडू नये, म्हणून नुसतं हसलो.

आता बाळाची पूजा मांडून झाली. पाटा, टाक, गूळ, खोबरं, सिंधूच्या वहीचं पान. गुऱ्हाळाचा वास दाटलाय. मी आत्तीला इचारलं, "उद्या सकाळी उचलायची न्हवं पूजा?"

ती म्हणली, "ऱ्हाऊ दे उद्याच्या दिवस बी. आणि त्या पोरीची दऊत ठेव जवळ. एखांदी लांबनं येत असंल."

सिंधूनं ते ऐकलं आणि पिठाची वाटी घेऊन उंबऱ्याबाहीर बसली. मी सांगितल्याल्या गोष्टीतली पावलं काढाय लागली, बोटं बारकी बारकी, दारापासनं उचगावच्या वाटंकडं.

आत्ती दारात गेली. "आगं भवाने, उलटी काढलीस की! ही तर भाईर चालल्यात."

"मग? तिला परत जायचं न्हाय व्हय? मालतीमावशीकडं बी जायचं असंल."

आत्तीनं एकदा वाटंकडं बघितलं, एकदा पावलांकडं. मग गुडघ्यावर हात टेकून खाली बसली, आणि म्हणली, "आण हिकडं ते पीठ. यायची मी काढतो."